लष्करी कपड्यांची ऑर्डर आणि अक्कलकोट रोडचा एक कारखाना

सोलापुरात शालेय गणवेशाचा हंगाम जानेवारीत चढतो आणि जूनअखेर उतरतो. शाळा उघडल्यावर थोडी फेरमागणी निघते, तीही जुलैत आटोपते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत निम्म्या शिलाई यंत्रांवर चादर टाकून ठेवावी लागते. तेवढ्या काळात शिवणाऱ्या बायकांपैकी कुणी विड्या वळायला बसतात, कुणी घरी फॉल-पिको करतात, कुणाचं कुटुंब पुण्याला जातं. दिवाळीनंतर सगळ्या परत येत नाहीत. मग नवे हात शोधायचे, त्यांना कॉलर बसवायला शिकवायचं, आणि हात बसेपर्यंत हंगाम अर्धा झालेला असतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पन्नासेक यंत्रांच्या एका कारखान्याला हा खंड भरून काढायचा होता. लष्कराला कपडे बारमाही लागतात, आपल्याला काम पावसाळ्यात हवं आहे, मग तिकडे का जाऊ नये, असा मालकांचा सरळ हिशोब होता. मी या कारखान्याच्या निविदांची कागदपत्रं तयार करतो, त्यामुळे पुढची सगळी खटपट जवळून पाहिली. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मात्र जे अडथळे आले आणि जी गणितं मांडली, ती जशीच्या तशी आहेत.

हे प्रकरण लिहायचं कारण असं. संरक्षण खरेदीत सुधारणा म्हटलं की बोलणं रणगाडे, लढाऊ विमानं, क्षेपणास्त्रं यांच्याकडे जातं. ती भांडवली खरेदी. तिची नियमावली २०२० ची. पण सैन्याचा रोजचा प्रपंच महसुली खरेदीवर चालतो: सुटे भाग, दुरुस्ती, दारूगोळा, तंबू, बूट, कपडे. तिची नियमावली वेगळी. २००९ पासून जी चालू होती तिच्या जागी १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी लागू झाली आणि एका आर्थिक वर्षात साधारण १ लाख कोटी रुपयांची खरेदी तिच्याखाली होते. सोलापूरसारख्या गावाचा संरक्षण उत्पादनाशी संबंध आलाच तर याच दारातून येणार. म्हणून हे दार किती उघडतं, हे इथल्या एका कारखान्याच्या उंबऱ्यावरून पाहणं मला महत्त्वाचं वाटतं.

पहिली निविदा: वाचूनच बाजूला ठेवली

१५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी लष्करानं नवी लढाऊ वर्दी दाखवली. निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेच्या मदतीनं तयार केलेलं डिजिटल छलावरणाचं (कॅमोफ्लाजचं) ते डिझाइन पुढे लष्करानं स्वतःच्या नावे नोंदवलंही. सुरुवातीला ५० हजार संच कॅन्टीनमार्फत आले आणि जवानांना वाटण्यासाठी ११.७० लाख संचांच्या घाऊक खरेदीची प्रक्रिया २०२३ मध्ये सुरू व्हायची होती. हा आकडा पेपरात वाचून सोलापुरातल्या किती कारखानदारांनी मनातल्या मनात यंत्रं मोजली असतील!

आमच्या मालकांनीही मोजली. मग छलावरणाच्या कपड्यांची एक निविदा उतरवून घेतली आणि आम्ही ती पहिल्या पानापासून वाचायला बसलो. शिलाईबद्दलची पानं वाचताना त्यांचा चेहरा खुलत गेला. इंचाला किती टाके, कुठे दुहेरी शिवण, कुठे बार्टॅक (ताण येतो तिथे मारायचे दाट टाके), काज किती लांब, हे सगळं त्यांच्या रोजच्या कामातलं. कटिंग मास्टर तर म्हणाले, "शेठ, यात अवघड काहीच नाही. आपल्या कार्गो पँटला याहून जास्त काम आहे."

अडलं ते दुसऱ्या पानांवर. आधीच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कारखान्याच्या एकूण उलाढालीच्या कितीतरी पट. त्याच प्रकारच्या मालाचा सरकारी पुरवठा केल्याचा अनुभव. आणि खाली एक ओळ: सूक्ष्म व लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीत सवलत, समोर उत्तर "नाही".

ही ओळ नीट समजून घ्यायला हवी. लघुउद्योगांना आणि स्टार्टअपना पूर्वानुभव व उलाढालीची अट शिथिल करता येईल, अशी परिपत्रकं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच काढली. पण दर्जा आणि तांत्रिक निकष सांभाळून ती सवलत द्यायची की नाही, हे खरेदीदार ठरवतो. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या बहुतेक निविदांत "हो" किंवा "नाही" असा तो पर्याय दिसतो. धोरण लघुउद्योगाच्या बाजूचं आहे, पण टेबलावरच्या अधिकाऱ्याला "नाही" लिहिल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. "हो" लिहून माल खराब निघाला तर मात्र नक्की विचारतात. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित "नाही" लिहिलं असतं, आणि म्हणूनच हा प्रश्न त्या एका अधिकाऱ्याच्या वृत्तीचा नाही, नियमाच्या रचनेचा आहे असं मी म्हणतो.

२०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि लघुउद्योगाचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो दर जुळवून कामाचा वाटा मागता येतो. पण हे सगळं पात्र ठरल्यावर. उंबरठाच ओलांडता आला नाही तर आतल्या ताटांची चर्चा करून काय उपयोग?

कापडाचा प्रश्न

कागदांची अट उद्या शिथिल झाली असती तरी दुसरी अडचण उरलीच असती, आणि ती खरी अडचण आहे. कारखानदार संघटनांच्या बैठकांत तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

छलावरणाच्या कापडाचं काम फक्त डोळ्यांना चकवण्याचं नसतं. रात्री वापरायच्या दुर्बिणी डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश पकडतात. झाडाची हिरवी पानं हा प्रकाश भरपूर परतवतात, माती कमी परतवते. कापडावरच्या प्रत्येक रंगाच्या ठिपक्यानं साधारण तसंच वागायला हवं. नाहीतर दिवसा झुडपात मिसळून गेलेला जवान रात्री दुर्बिणीत ठळक उठून दिसतो. त्यासाठी सुती धाग्यावर व्हॅट रंगांची छपाई करतात. हे रंग धुण्याला, उन्हाला पक्के असतात आणि इन्फ्रारेडमध्येही हवे तसे वागवता येतात. मिश्र कापडात पॉलिएस्टर आलं की त्याचे रंग वेगळे, मग दोन्हींचा मेळ बसवणं हे छपाई करणाऱ्याचं कौशल्य.

सोलापूरला रंगाईची परंपरा आहे, पण ती सुताच्या रंगाईची. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्हींत सूत आधी रंगतं, मग मागावर चढतं. मोठ्या पन्ह्याच्या कापडावर छलावरण छापणं हा वेगळा धंदा. गणवेशाचं कापडसुद्धा आपण बाहेरूनच आणतो: भिलवाडा, भिवंडी, इचलकरंजी. म्हणजे सोलापूर शिवतं, आणि ज्या कापडात मालाची निम्म्याहून जास्त किंमत असते ते दुसरीकडे बनतं.

कारखान्यानं नमुन्यादाखल दोन ठिकाणांहून कापड मागवलं. टेबलावर दोन्ही सारखे दिसत होते. कटिंग मास्टरांनी दोन्हींची एकेक बाही कापून शेजारी ठेवली, खिडकीपाशी नेऊन पाहिली, फरक काही सापडेना. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र एका कापडाच्या फिकट हिरव्या ठिपक्याचं परावर्तन मर्यादेबाहेर गेलं होतं. हे यंत्राशिवाय कळत नाही. आकसणं, रंगाचा पक्केपणा, ताण्याबाण्याची घनता या चाचण्या सहज करून मिळतात. इन्फ्रारेड परावर्तनाची चाचणी नेमकी कुठे होते हे शोधण्यात मात्र वेळ गेला. लष्करी कापडाच्या दर्जाची मुख्य यंत्रणा कानपूरला, कपड्यांचं मध्यवर्ती भांडारही कानपूरला. सोलापूरहून ते हजार किलोमीटरच्या पुढे. मुंबईतल्या मोठ्या पुरवठादाराला यात अडचण येत नाही, त्याचा माणूस तिथे बसलेलाच असतो.

शेडचा, म्हणजे रंगछटेचाही एक मुद्दा आहे. शाळेच्या शर्टात एका ताक्याची पाठ आणि दुसऱ्या ताक्याची बाही लागली तर फार तर एखादी आई तक्रार करते. इथे तसं चालत नाही. प्रत्येक तुकड्यावर ताक्याचा आणि थराचा क्रमांक चिकटवायचा, एका कपड्याचे सगळे तुकडे एकाच ताक्याचे ठेवायचे, ही शिस्त कारखान्याला नव्यानं लावावी लागली. ती लागली आणि पुढे गणवेशाच्या कामातही टिकली, ही या खटपटीतली माझ्या मते सर्वांत चांगली गोष्ट.

दार असं का बांधलं गेलं

या अटींना इतिहास आहे. शहाजहानपूरचा लष्करी कपड्यांचा कारखाना १९१४ पासूनचा. १९६२ च्या युद्धात सैन्याची कपड्या-बुटांपासून आबाळ झाली. त्याच नोव्हेंबरात संरक्षण उत्पादन विभाग स्थापन झाला आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. पुढची अनेक दशकं धोरण एकच होतं: सैन्याला लागेल ते आधी सरकारी आयुध निर्माणीनं करायचं, तिला न जमलेलं बाहेरून घ्यायचं. बाहेर खुली निविदा काढायची तर आयुध निर्माणी मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायची अट होती. युद्धाच्या काळात पुरवठा हमखास हवा, हे त्यामागचं कारण खोटं नव्हतं.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ बरखास्त झालं. ४१ कारखाने ७ सरकारी कंपन्यांत विभागले गेले. कपडे आणि तंबू ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडकडे गेले. तिचं मुख्यालय कानपूर. सुरुवातीला कंपन्या उघड्यावर पडू नयेत म्हणून जुन्या मागण्यांचे ६५ हजार कोटींहून मोठे करार त्यांना करून दिले. स्पर्धा आली, पण हळूहळू. ना-हरकत प्रमाणपत्राची अट २०२५ च्या नियमावलीनं काढली. मंडळ गेल्यानंतर तब्बल चार वर्षांनी.

या कंपन्यांतल्या कामगारांची बाजूही मला दिसते. पिढ्यान्‌पिढ्या एकच ग्राहक, एकच माल, आणि एके दिवशी सांगितलं की आता दर लावून लढा. सोलापूरला हे दुःख परकं नाही, इथल्या गिरण्या बंद पडलेल्या आपण पाहिल्यात. मात्र सरकारी कारखाना विरुद्ध खासगी कारखाना असं हे भांडण लावू नये. कानपूरची कंपनी मोठी ऑर्डर घेऊन शिलाई सोलापूरला देऊ शकते. तशी वाट अजून नीट पडलेली नाही.

मधली वाट: दुसऱ्याच्या नावावर शिवणं

थेट जाता येत नाही म्हटल्यावर कारखान्यानं जॉबवर्क घेतलं. उत्तरेतल्या एका पुरवठादाराकडे निमलष्करी दलाच्या कपड्यांची ऑर्डर होती. कापड, धागा, बटणं त्याची. इथून फक्त शिवून द्यायचं. नगाला मिळणारा दर शाळेच्या पँटपेक्षा थोडा बरा, आणि काम आलं तेही सप्टेंबरात. बायका टिकल्या. "अक्का, यंदा विडीला जायचं नाही," असं मालक शिवणाऱ्यांना सांगू शकले, ते पहिल्यांदाच.

पण दोन गोष्टी मिळाल्या नाहीत. पहिली म्हणजे नाव. माल कुणी शिवला याची नोंद सरकारी कागदात कुठेच नाही, त्यामुळे पुढच्या निविदेत अनुभव म्हणून दाखवायला हातात काही नाही. दुसऱ्याच्या नावावर दहा वर्षं शिवलं तरी अनुभवाच्या रकान्यात शून्यच. दुसरी म्हणजे भाव. मधल्या माणसानं किती ठेवलं हे विचारायची सोय नसते.

त्याच पुरवठादारानं पुढे बुलेटप्रूफ जॅकेटचं बाहेरचं कव्हर शिवण्याबद्दल विचारलं. जाड नायलॉनचं कापड, पट्ट्यांच्या रांगा, प्रत्येक पट्टीला बार्टॅक. त्यासाठी वेगळी जड यंत्रं लागणार होती, म्हणून बोलणी पुढे गेली नाहीत. पण त्या निमित्तानं मी जरा हिशोब काढला. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयानं १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटींचा करार एका भारतीय कंपनीशी केला होता. म्हणजे जॅकेटमागे सुमारे ३४ हजार रुपये. त्यात शिलाईचा वाटा लहान. खरी किंमत गोळी अडवणाऱ्या थरांत. ते अरामिड (केव्हलारच्या जातीचे) किंवा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे तंतू मोठ्या प्रमाणात परदेशातून येतात. जॅकेट भारतात जोडलं आणि तंतू बाहेरून आणला, तर युद्धाच्या वेळी तंतू विकणाऱ्यानं हात आखडला की आपलं उत्पादन थांबतं. २०२० मध्ये १,४८० कोटींचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान जाहीर झालं, त्यात अशा तंतूंवरचं संशोधनही धरलं आहे. तिथे यश आलं तर ते कितीतरी आयातबंदी याद्यांपेक्षा मोलाचं ठरेल. लष्करी सामग्रीच्या पाच याद्यांत मिळून ५०९ बाबींची आयात टप्प्याटप्प्यानं बंद होते आहे आणि ते योग्यच आहे. पण यादीत वस्तूचं नाव असतं, तिच्या पोटातल्या कच्च्या मालाचं नसतं.

डांगरीची ऑर्डर

शेवटी थेट ऑर्डर मिळाली ती डांगरीची. वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली काम करताना जवान घालतात तो एकसंध पोशाख. छलावरण नाही, इन्फ्रारेड नाही, साधं जाड सुती कापड. जेमवर एका आस्थापनेची मागणी आली, सवलतीच्या ओळीपुढे "हो" होतं. कारखाना सर्वांत कमी दरानं आला.

नमुना मंजूर व्हायला वेळ लागला. एकदा चेनचा रंग, एकदा खिशाच्या झाकणाचा कोन. मंजूर झाल्यावर माल मात्र मुदतीआधी शिवून तयार होता. पाठवण्यापूर्वी तपासणी व्हायची होती, आणि तपासणीची तारीख मिळेना. फोन झाले, मेल झाले. तारीख मिळाली तेव्हा पुरवठ्याची मुदत उलटून गेली होती. माल पास झाला, एकही नग परत आला नाही. बिलातून मात्र विलंबाचा दंड कापला गेला.

यात नियमाची एक खोच आहे, ती प्रत्येक लहान पुरवठादारानं पाठ करावी अशी. तपासणीला उशीर खरेदीदाराकडून झाला असला तरी मुदत आपोआप वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी लेखी मुदतवाढ मागावी लागते, आणि तिच्यात दंड न लावता वाढ द्या असं स्पष्ट लिहावं लागतं. मालकांचा विश्वास फोनवरच्या बोलण्यावर होता. "साहेब स्वतः म्हणाले होते, काळजी करू नका," हे ते अजून सांगतात. साहेब म्हणालेही असतील. फाइलमध्ये ते नाही.

आता पैशाचा हिशोब. समजा १ कोटीचं बिल आहे. कापडवाल्याला पैसे माल उचलताना द्यायचे, शिवणाऱ्यांना आठवड्याच्या आठवड्याला. कापड घेतल्यापासून बिल हाती पडेपर्यंत चार महिने गेले आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर ४ लाख व्याजात जातात. सर्वांत कमी दरानं जिंकलेल्या कामात ५-६ टक्के सुटले तर नशीब. उरले १-२ टक्के. त्यात आठवड्याला अर्धा टक्का दंड, चार आठवड्यांचे २ टक्के. म्हणजे नफा संपला, आणि हे सगळं एकही टाका न चुकता.

लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हा कायदा २००६ पासून आहे. जेमवर स्वीकृतीचं प्रमाणपत्र निघाल्यापासून १० दिवसांत पैसे द्यायचे असतात. दोन्ही चांगलंच आहे, पण घड्याळ सुरू होतं ते माल स्वीकारल्यापासून. तपासणीची वाट पाहण्यात गेलेले दिवस कुठल्याच घड्याळात मोजले जात नाहीत. २०२४ पासून प्राप्तिकराचा जो नियम आला, की लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही, त्यानं खासगी कंपन्या जरा हलल्या. सरकारी आस्थापना प्राप्तिकर भरत नाही, तिला त्याचं भय नाही. लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर तक्रार कोण करणार?

नव्या नियमावलीनं काय बदलतं

संरक्षण मंत्रालयानं २०२५ हे सुधारणांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. महसुली खरेदीची नवी नियमावली त्याचंच एक फळ, आणि तिच्यात दम आहे. एखादी वस्तू देशात पहिल्यांदा विकसित करणाऱ्याला विकासाच्या काळात दंड नाही. नंतरही आठवड्याला अर्ध्याऐवजी ०.१ टक्का. दंडाची कमाल मर्यादा ५ टक्के, फारच लांबलेल्या कामात १०. विकसित केलेल्या वस्तूला पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देता येते. ५० लाखांपर्यंत मर्यादित निविदा काढता येते. मुदतवाढीसारखे निर्णय खालच्या पातळीवर घ्यायची मुभा वाढली आहे.

मात्र हे वाचताना मी आमच्या कारखान्यापुरतं पाहिलं तर निम्म्या तरतुदी त्याच्या डोक्यावरून जातात. ०.१ टक्क्याची सवलत आणि पाच वर्षांची हमी नवं काही विकसित करणाऱ्यांसाठी. डांगरीत विकसित करायचं काय? ठरलेल्या नमुन्याबरहुकूम चोख शिवून देणारा या सवलतीत बसत नाही, आणि सोलापूरची सारी ताकद तर तीच. परदेशी सुटा भाग देशात तयार करणाऱ्या तंत्रज्ञाला ही हमी हवीच. पण त्याच्या खालच्या पायरीवर जे हजारो कारखाने उभे आहेत, त्यांना पाच वर्षांची हमी नको, पाच महिन्यांची आगाऊ कल्पना पुरे आहे.

माझं म्हणणं इथेच येऊन थांबतं. देशी लष्करी उत्पादन वाढवायचं तर आयात रोखणं हे अर्धं काम. २०२४-२५ मध्ये देशाचं संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींच्या पुढे गेलं, त्यात खासगी क्षेत्राचा वाटा जेमतेम पाव. हा वाटा वाढेल तो ऑर्डरचा आकार आणि वेळ बदलल्यावर. कपड्यांसारख्या वस्तूंची गरज सैन्याला आधीपासून माहीत असते. जवान किती, झीज किती, भरती किती, हे सगळं ठाऊक. तरीही खरेदी एकदम एका गाठोड्यात, वर्षाच्या कुठल्याही महिन्यात निघते. तीच मागणी पाच-दहा हजार नगांच्या हिश्श्यांत वाटली, पुरवठ्याचे महिने आधी जाहीर केले, तर तीच रक्कम दहा गावांत पोहोचेल. मोठ्या गाठोड्यात दर स्वस्त पडतो, हा प्रतिवाद मला मान्य आहे. पण तो स्वस्त दर एका-दोन पुरवठादारांवर अवलंबून असतो, आणि युद्धकाळात अचानक दुप्पट माल लागला तर ते दोघे कुठून आणणार? आधीपासून शिवत असलेले दहा कारखाने असतील तर तो वाढवता येतो. कपडे वेळेवर न मिळाल्याची किंमत आपण मोजलेली आहे. उंचावरच्या थंडीच्या कपड्यांच्या खरेदीत झालेल्या दिरंगाईवर महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये संसदेत आला होता.

सोलापूरनंही काही करायला हवं. एकेकट्या कारखान्यानं कानपूरच्या चकरा मारण्यात अर्थ नाही. संघटनेनं मिळून चाचणीची सोय, कटिंगची सामाईक व्यवस्था आणि निविदा वाचणारा एक जाणता माणूस ठेवावा. दर पाडायची जी सवय शालेय गणवेशात लागली आहे, ती इथे आणली तर सगळेच बुडतील. शेजारच्याला पाडण्यासाठी तोट्यातला दर भरायचा आणि मग धाग्यात, बटणात वाचवायचं, याला लष्कराच्या कामात जागा नाही. ते कपडे कुणाच्या अंगावर जाणार हे विसरून चालणार नाही.

आमच्या मालकांनी दंड सोसून, हिशोब पाहून, पुन्हा निविदा भरायचं ठरवलं आहे. डांगरीच्या ऑर्डरनं एक कागद मिळवून दिला: थेट सरकारी पुरवठ्याचं पूर्तता प्रमाणपत्र, स्वतःच्या नावावर. अनुभवाच्या रकान्यात आता लिहायला काहीतरी आहे. पुढच्या एका निविदेसाठी पूर्व-निविदा बैठकीत द्यायचं पत्र तयार आहे. त्यात मागितलं आहे की मागणी हिश्श्यांत विभागावी, जॉबवर्क केलेल्या कारखान्याचं नाव मुख्य पुरवठादारानं नोंदवावं आणि तो अनुभव धरला जावा, तसंच तपासणीची मागणी केल्यापासून ठरावीक दिवसांत तारीख न दिल्यास तेवढी मुदत विनादंड वाढलेली समजावी. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर डांगरीचीच पुढची मागणी भरायची, आणि तपासणीचं पत्र जाईल त्याच दिवशी मुदतवाढीचंही टाकायचं, असं ठरलं आहे.